आईचं हिमोग्लोबिन ७.८, बापूंचं १८.४, आणि दम दोघांनाही लागतोय. रक्त बघायचं की फुफ्फुस?

माणदेशी_वारा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक होईल, पण डोकं चालेना म्हणून इथं विचारतोय. कुणी डॉक्टर नाहीतर लॅबमधलं असेल तर प्लीज वेळ काढून वाचा.

आई ५८ वर्षांची, बापू ६४. दोघं गावाकडं असतात, आटपाडीच्या बाजूला, मी पुण्यात नोकरीला. गेलं वर्षभर आईला धाप लागतीय. आधी वाटायचं गुडघे दुखतात, चालणं कमी झालंय म्हणून दम लागत असंल, पण आता विहिरीवरनं घरापर्यंत यायचं तरी मध्ये बसायला लागतं, छातीत धडधडतंय म्हणती, तोंड तर पांढरंफटक पडलंय. बापूंचा खोकला आणि दम जुना आहे, जन्मभर बिडी, आता कमी केलीय पण सुटली नाही, आणि हल्ली संध्याकाळी पावलांवर सूज दिसती. म्हणून दोघांनाही तालुक्याला घेऊन गेलो, सीबीसी केली. आईचं हिमोग्लोबिन आलं ७.८ आणि बापूंचं १८.४. रिपोर्ट अदलाबदल झाले काय म्हणून परत आत जाऊन विचारलं, तर नाही, बरोबर आहेत म्हणाले.

आता माझा गोंधळ असा. कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर घरात पडून आहे, ते लावलं. आईला ९७ दाखवतंय आणि बापूंना ८८. म्हणजे जिचं रक्त इतकं कमी तिचा ऑक्सिजन चांगला, आणि ज्यांचं रक्त इतकं जास्त त्यांचाच कमी, हे कसं काय? गावातले म्हणतात बापूंच्या अंगात रक्त भरपूर आहे, कशाला घाबरताय, एकदा रक्तदान करा म्हणजे हलकं वाटंल. आईला मावशीनं बीट आणि डाळिंबाचा रस सुरू केलाय. जिथं दाखवलं तिथं दोघांनाही तोंडानं ओढायचा एकच पंप लिहून दिला, आईला वर रक्ताच्या गोळ्या, आणि समजावून काही सांगितलं नाही. आईची पण सगळी हयात चुलीपुढं गेली, गॅस अलीकडं आला, म्हणून तिच्या छातीची पण भीती वाटतीय. हिमोग्लोबिनचा आणि फुफ्फुसाचा एकमेकांशी संबंध काय असतो ते कुणीतरी नीट सांगा.

निवांत

ऑक्सिमीटर ९७ आहे म्हणजे आईच्या फुफ्फुसाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका. रक्त वाढलं की दम आपोआप जाईल, बीट चालू ठेवा, खजूर गूळ द्या. बापूंचं म्हणाल तर रक्त जास्त असणं वाईट कसं असेल? रक्तदान करून टाका, पुण्य पण लागेल.

श्वासमात्र

@निवांत, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय, पण यातलं बरंचसं धोक्याचं आहे म्हणून लगेच लिहायला बसलो. मी छातीरोगतज्ज्ञ आहे. पेशंट न तपासता लिहितोय हे मात्र डोक्यात ठेवून वाचा.

@माणदेशी_वारा, आधी ऑक्सिमीटर काय मोजतं ते बघू, म्हणजे तुमचा निम्मा गोंधळ तिथंच सुटेल. रक्तात जेवढं हिमोग्लोबिन आहे त्यातल्या किती टक्क्यांवर ऑक्सिजन बसलाय, एवढंच ते यंत्र सांगतं. मुळात हिमोग्लोबिन आहे किती, हे त्याला कळत नाही. एखाद्या डेपोत पन्नास एसट्यांच्या जागी पंचवीसच उरल्या आणि त्या पंचवीस गच्च भरून सुटल्या तर कंट्रोलर सांगणार ९७ टक्के सीटा भरल्या, पण गावोगावी पोचलेली माणसं निम्मीच. आईचं ९७ असं आहे.

आता आकडे मांडतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर साधारण १.३४ मिली ऑक्सिजन धरतं. धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन १५ आणि सॅच्युरेशन, म्हणजे ऑक्सिमीटरचा आकडा, ९८ धरलं तर १०० मिली रक्तात जवळपास २० मिली ऑक्सिजन झाला. आईचं ७.८ गुणिले १.३४ गुणिले ०.९७ केलं की १० मिली येतो. निम्मा! फुफ्फुसं आपलं काम चोख करतायत असं गृहीत धरूनसुद्धा निम्मा. मग शरीर काय करतं, तर हृदय जोरात पळवतं, म्हणून धडधड. बसलेलं असताना भागतं, पण चार पावलं चाललं की स्नायूंना ऑक्सिजन पुरत नाही, त्यांच्यात आम्ल लवकर साठतं आणि ते बाहेर टाकायला श्वास वाढतो. पेशंटला वाटतं छाती बिघडली. आमच्या ओपीडीत असे लोक येतात की ज्यांचे दोन-दोन एक्सरे झालेत, पंप बदलून झालेत आणि हिमोग्लोबिन कुणी बघितलेलंच नाही. आणखी एक, ओठ-नखं निळी पडायला रक्तात साधारण ५ ग्रॅम तरी ऑक्सिजन नसलेलं हिमोग्लोबिन असावं लागतं. मुळात एकूणच ७.८ असेल तर तेवढं निळं व्हायला शिल्लक राहतं कुठं? म्हणून खूप ॲनिमिया असलेला माणूस फुफ्फुसानं अडचणीत आला तरी निळा दिसत नाही, पांढराच दिसतो आणि घरचे बेसावध राहतात.

पण म्हणून 'आईच्या फुफ्फुसाला काही झालेलं नाही' हे ९७ वरून म्हणता येत नाही. सीओपीडी, म्हणजे धुरानं-बिडीनं श्वासनळ्या कायमच्या आकसतात तो आजार, त्याच्या सुरुवातीला सॅच्युरेशन नॉर्मलच असतं. चुलीच्या धुराचा मुद्दा तुम्ही स्वतःच काढलात ते फार बरं केलंत. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर सविस्तर लिहिलं, त्यात लाकूड-शेणीच्या धुराचा भाग मोठा होता. आपल्याकडच्या बायका आयुष्यभर तो धूर घेतात आणि 'मी कुठं बिडी ओढते' म्हणून त्यांची कुणी तपासणीच करत नाही. आईची स्पायरोमेट्री करा. ती नळीत जोरात फुंकायची टेस्ट, तिच्यावर हिमोग्लोबिनचा परिणाम होत नाही, त्यामुळे रक्त कमी असताना केली तरी चालते.

आता बापू. त्यांचं १८.४ ही तब्येतीची खूण मुळीच नाही. शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय हे मूत्रपिंडाला कळतं, मग ते एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन सोडतं आणि अस्थिमज्जा, म्हणजे हाडातला मगज, जास्तीच्या तांबड्या पेशी बनवायला लागते. पेशींना ऑक्सिजन कमी झाल्याचं नेमकं कळतं कसं, हे शोधून काढणाऱ्या सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं. म्हणजे बापूंच्या फुफ्फुसांतली तूट रक्त भरून काढायला बघतंय. त्यांचा तोच हिशोब केला तर १८.४ गुणिले १.३४ गुणिले ०.८८, जवळजवळ २१.७ मिली. धडधाकट माणसापेक्षा जास्त! कागदावर छान दिसतं. पण त्याची किंमत हृदय मोजतं. रक्त घट्ट झालं की ते ढकलायला जोर लागतो, त्यात ऑक्सिजन कमी असला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, आणि या दोन्हींचा भार हृदयाच्या उजव्या बाजूवर पडतो. पावलांवरची सूज मला त्यामुळंच खटकतेय. त्यांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, लवकर.

आणि बिडी चालू आहे ना, मग ८८ सुद्धा खरं धरू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. साधं ऑक्सिमीटर त्या अडवलेल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन भरलेलंच समजतं. म्हणजे खरा आकडा ८८ च्या खालीच असणार, आणि वरचा २१.७ पण तेवढा कमी करून वाचा. त्यांना एबीजी लागेल, मनगटातल्या धमनीतून रक्त घेऊन त्यातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साईड मोजतात ती.

रक्तदानाचा विषय तर सोडूनच द्या. त्यांच्या अवस्थेत रक्तपेढीनं घेऊ नये आणि तुम्ही नेऊ नये. रक्त फारच घट्ट असेल आणि त्यामुळं डोकं जड होणं, गुंगी असले त्रास असतील तर आम्ही थोडं रक्त काढतो कधीकधी, पण ते दवाखान्यात, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशी किती टक्के ते, रिपोर्टवर पीसीव्ही लिहितात) बघून, हळूहळू. मूळ इलाज ऑक्सिजनची तूट भरणं आणि बिडी थांबवणं हाच.

दोघांच्याही रिपोर्टमधले बाकीचे आकडे टाका. आणि आई गुडघ्यासाठी काय घेते ते नक्की सांगा.

माणदेशी_वारा

डॉक्टर, एवढं सविस्तर आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं, खरंच आभार. आईचा रिपोर्ट: एमसीव्ही ६६, आरबीसी काउंट ३.९, आरडीडब्ल्यू १९, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट नॉर्मलमध्ये. बापूंचा पीसीव्ही ५७, बाकी नॉर्मल. गुडघ्यासाठी आई गावातल्या मेडिकलमधनं दुखण्याची गोळी आणून घेती, डायक्लोफेनॅक आहे, बरीच वर्षं, जवळजवळ रोजच. ॲसिडिटी होती म्हणून मध्ये मध्ये त्याची पण गोळी. आणि एक, महिन्यापूर्वी गावात शिबिर झालं तिथं बोटातनं रक्त घेऊन आईचं १० सांगितलं होतं. एका महिन्यात १० चं ७.८ झालं का मग? ही भीती वेगळीच.

काचपट्टी

मी लॅब टेक्निशियन आहे, शिबिराच्या आकड्याचं मी सांगते. लगेच घाबरून जाऊ नका दादा. शिबिरात कशानं मोजलं यावर बरंच अवलंबून असतं. अजून बऱ्याच ठिकाणी साहलीची नळी वापरतात, रक्तात ॲसिड घालून त्याचा तपकिरी रंग शेजारच्या काचेशी डोळ्यानं जुळवायचा. उजेड कसा आहे, ॲसिड घालून पुरेसा वेळ थांबलात का, बघणारा दमलाय का, सगळ्याचा फरक पडतो, एक-दीडचा फरक तर सहज. डिजिटल मीटर बरं, पण तिथं सुद्धा बोट पिळून पिळून थेंब काढला की आतलं पाणी मिसळतं आणि आकडा बदलतो. शिरेतून घेतलेलं रक्त आणि सेल काउंटरवरची सीबीसी, हाच आकडा धरून चला, आणि पुढच्या वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. तरीपण खरंच घसरलं असेल का हे बघायला दहा-बारा दिवसांनी एकदा परत करून घ्या, ते सोडू नका.

आईचा रिपोर्ट वाचून लोहाची कमतरता वाटते. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचं आकारमान, लहान म्हटलं की थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष पण डोक्यात येतो. आम्ही एक साधा भागाकार करतो, एमसीव्ही भागिले आरबीसी काउंट, म्हणजे तांबड्या पेशींची संख्या. १३ च्या खाली आलं तर मायनरचा संशय घ्यायचा. तुमचं ६६ भागिले ३.९ म्हणजे जवळपास १७ येतं, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला लहान-मोठेपणा) पण वाढलेला, म्हणजे पारडं लोहाकडे झुकतं. फेरिटिन करून घ्या, अंगातला लोहाचा साठा कळतो, खात्री होईल.

बापूंच्या बाबतीत डॉक्टरांना एक सांगा, ते लघवी होण्याची गोळी घेतात का. सुजेसाठी देतात ती. अंगातलं पाणी कमी झालं की हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही उगाच वर दिसतात. उलटी-जुलाब झालेल्या पेशंटचं पण तसंच होतं.

आणि ऑक्सिमीटर लावताना हात गरम करून लावा, नखाला नेलपॉलिश किंवा मेंदीचा गडद रंग नको, आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. गार बोटाला लावून ८४ दिसलं म्हणून रात्री गाडी करून धावत आलेले लोक बघितलेत मी.

श्वासमात्र

@काचपट्टी, भागाकार करून दिलात ते उत्तम.

@माणदेशी_वारा, डायक्लोफेनॅक वाचल्यावर चित्र बरंच स्पष्ट झालं. ५८ वर्षांच्या बाईची पाळी जाऊन वर्षं झाली, मग लोह जातंय कुठं हा प्रश्न विचारलाच पाहिजे. रोजच्या दुखण्याच्या गोळ्यांनी जठरात जखम होते आणि त्यातून रक्त थेंबथेंब झिरपत राहतं, कधीकधी पोट दुखत सुद्धा नाही. शौचाला काळं डांबरासारखं होत होतं का, हे आईला स्पष्ट विचारा, त्या लाजून सांगत नाहीत. आता लोहाच्या गोळ्या सुरू आहेत त्यामुळं शौचाचा रंग काळा होणारच, म्हणून गोळ्या सुरू व्हायच्या आधीचं विचारा. ती दुखण्याची गोळी आजपासून बंद, गुडघ्यासाठी दुसरं काय ते डॉक्टर सांगतील. पोटाच्या डॉक्टरांकडून दुर्बीण करून घ्यावी लागेल. या वयात लोह कमी असण्यामागं आतड्याची गाठ पण असू शकते, म्हणून फक्त गोळ्या देऊन आकडा वाढवून मोकळं व्हायचं नाही.

चहाबरोबर लोहाची गोळी घेत असतील तर काही उपयोग नाही. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. ॲसिडिटीच्या गोळीनं लोहाचं शोषण कमी होतं, पण जखम असेल तर ती गोळी लागणारच, मग वेळेचं गणित किंवा शिरेतून लोह देण्याचा निर्णय डॉक्टरांनी घ्यायचा. हिमोग्लोबिन दोन-तीन आठवड्यात साधारण १ नं वाढायला हवं. तेवढं वाढत नसेल तर एकतर रक्त अजून जातंय, नाहीतर गोळी अंगी लागत नाहीये. नॉर्मल आलं तरी पुढं तीन महिने गोळ्या चालू ठेवायच्या, कोठार भरायला वेळ लागतो. ७.८ ला रक्ताची बाटली सहसा लागत नाही, पण छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, चक्कर येऊन पडल्या किंवा काळं शौच परत सुरू झालं तर थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात.

बीट खाऊ दे, पण त्यात १०० ग्रॅमला १ मिलिग्रॅमसुद्धा लोह नसतं, लाल रंगाचा लोहाशी काही संबंध नाही. त्यापेक्षा अळीव, नाचणी, राजगिरा, डाळी, वरून लिंबू. मांसाहार चालत असेल तर कलेजी. आणि हे सगळं गोळ्यांच्या जोडीला, बदल्यात नाही.

बर्फाळ_चौकी

फौजेतून रिटायर झालोय, डॉक्टर नाही, पण 'रक्त जास्त म्हणजे चांगलं' यावर दोन शब्द लिहावेसे वाटले. लेहला पोस्टिंग होतं, ३५०० मीटर. गेल्या गेल्या आम्हाला काही दिवस नुसतं आराम करायला लावतात, शरीराला हवा मानवायला. महिना-दोन महिन्यांनी सगळ्यांचं हिमोग्लोबिन वर गेलेलं असायचं, आमचे मेडिकलवाले सांगायचे हे हवेतला ऑक्सिजन विरळ असल्यामुळं, खाली उतरलात की परत जागेवर येईल, आणि यायचंच. सुरुवातीच्या दोन-तीन दिवसांत जे वाढलेलं दिसतं ते तर अंगातलं पाणी कमी झाल्यामुळं, असं पण ते सांगायचे, वर काचपट्टी ताईंनी लिहिलंय तेच.

तिथं राहून हा विषय वाचायची आवड लागली. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या लोकांत हिमोग्लोबिन खूपच वाढतं, काहींचं २१ च्या वर. डोकं दुखणं, दम, निळे ओठ, शेवटी हृदय थकतं. पेरू देशाचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात तो आजार जगापुढं मांडला, त्यांच्याच नावानं ओळखतात. आणि तिबेटी लोक तेवढ्याच उंचीवर राहतात पण त्यांचं हिमोग्लोबिन त्या मानानं कमी असतं, त्यांच्यात एक जनुकच वेगळं आहे, ईपास१ नावाचं. म्हणजे उंचीला जे सगळ्यात चांगले रुळले त्यांनी रक्त भरमसाट वाढवलं नाही. बापूंना हे सांगा, १८.४ चा आनंद मानू नका म्हणावं. आणि बिडी सोडवा भाऊ, कसंही करून.

तापीकाठ

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याचं काम करते. माणदेशी दादा, तुमच्या आईला हे लागू नाही, पण हा धागा आमच्याकडचं कुणी वाचेल म्हणून लिहिते.

आमच्या सातपुड्यात, तसंच गडचिरोली-विदर्भात सिकलसेल आहे. त्यात हिमोग्लोबिन कमी असतं पण कारण लोह नसतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि लवकर फुटते. अशा पेशंटला नुसतं 'रक्त कमी आहे' म्हणून महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या देत राहणं बरोबर नाही, आधी सोल्युबिलिटी टेस्ट, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखायच्या तपासण्या. २०२३ च्या जुलैमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, सरकारी केंद्रात तपासणी फुकट होते, रंगीत कार्ड मिळतं.

रक्त आणि फुफ्फुसाचा संबंध बघायचा तर या आजाराइतका भयानक कुठं नसेल. ताप, छातीत दुखणं, खोकला, धाप, आणि एक्सरेत नवीन डाग, याला ॲक्युट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. वाकलेल्या पेशी फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, ऑक्सिजन कमी होतो, ऑक्सिजन कमी झाला की आणखी पेशी वाकतात. चक्रच आहे ते. न्यूमोनिया समजून गावातच इंजेक्शन देत बसले तर जीव जातो. सिकलसेलच्या लेकराला ताप आणि छातीत दुखणं एकत्र आलं की सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच १०८ ला फोन. हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतलं तर हे झटके कमी होतात, पण पाड्यावरून दर महिन्याला गोळ्या आणायला येणं लोकांना जमत नाही, मजुरी बुडते. त्यासाठी आम्ही आशाताईंमार्फत गोळ्या पोचवायचा प्रयत्न करतो, कुणाला गरज असेल तर आपल्या उपकेंद्रात नक्की विचारा.

पहाटवारा_नगर

माझ्या भावाचं वेगळंच झालं होतं म्हणून लिहितेय. हिमोग्लोबिन ९ च्या आसपास, वजन उतरलं, थकवा, सगळे म्हणायचे जेवत नाही म्हणून रक्त कमी, टॉनिक द्या. लोहाच्या गोळ्या घेऊन काडीचा फरक नाही. खोकला होता पण बारीक, कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी एका डॉक्टरांनी थुंकी तपासायला लावली, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूची तपासणी पॉझिटिव्ह आली, टीबी निघाला. टीबीची औषधं सुरू झाली आणि काही महिन्यांत हिमोग्लोबिन वर आलं, लोहाची गोळी न घेता. त्यामुळं माझं म्हणणं, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आणि रक्त कमी असं दोन्ही असेल तर थुंकी तपासाच, सरकारीत फुकट आहे. निक्षय पोषण या योजनेतून टीबीच्या पेशंटला आहारासाठी महिन्याला ५०० रुपये मिळायचे ते नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत, ते पण घ्या, त्यात अंडी-डाळ येते.

पण टीबीनं रक्त कमी का होतं ते मला कधी कळलं नाही, डॉक्टर सांगतील का?

श्वासमात्र

@पहाटवारा_नगर, फार महत्त्वाचा मुद्दा आणलात. शरीरात कुठंही दीर्घकाळ जळजळ-संसर्ग चालू असला की यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य जास्त बनवतं, आणि ते लोहाला कोठारात कोंडून ठेवतं. बहुधा जंतूंना लोह मिळू नये म्हणून शरीराची ही तजवीज असावी. अंगात लोह असतं, पण अस्थिमज्जेला मिळत नाही. म्हणून गोळ्यांचा उपयोग होत नाही आणि मूळ आजार बरा झाला की आकडा आपोआप चढतो. अशा वेळी फेरिटिन नॉर्मल किंवा वाढलेलं पण येतं, म्हणून एकट्या फेरिटिनवर विसंबायचं नाही, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह बसलंय ते) जोडीला बघायचं. टीबीत थुंकीतून रक्त जाणं, भूक मेलेली असणं हे वेगळंच. औषधांचा पण थोडा भाग असतो, आयसोनियाझिडबरोबर बी-सिक्स देतात ते सहसा हातापायाच्या मुंग्यांसाठी, पण रक्तासाठी पण त्याचा उपयोग आहे. आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रेझिस्टंट टीबीत लिनेझोलिड हे औषध चालू असेल तर हिमोग्लोबिन घसरतं का हे ठरलेल्या वेळी बघावंच लागतं.

हेच सीओपीडीत पण होतं. बापूंसारखं रक्त वाढलेलं दिसणं पुस्तकात ठळक असतं, पण प्रत्यक्षात सीओपीडीच्या पेशंटमध्ये रक्त कमी असलेले त्यापेक्षा जास्त सापडतात. जळजळ आणि हेप्सिडिन तिथंही आहेच. त्यांचा दम अचानक वाढला की सगळे पंप बदलत बसतात. माझी सगळ्यांना विनंती, सीओपीडीवाल्यांची सीबीसी वर्षातून एकदा तरी बघा.

क्वचित उलट पण घडतं, फुफ्फुसामुळंच रक्त कमी होतं. काही आजारांत फुफ्फुसाच्या आत बारीक रक्तस्राव होत राहतो, बाहेर थुंकीत फारसं दिसत नाही, पण लोह त्यात अडकून पडतं आणि पेशंट ॲनिमियासाठी फिरत राहतो. लहान मुलांत सारखा खोकला, एक्सरेत येणारे-जाणारे डाग आणि न वाढणारं हिमोग्लोबिन असं त्रिकूट दिसलं तर याचा विचार करतात.

माणदेशी_वारा

अपडेट देतोय. सुट्टी काढून दोघांना मिरजेला घेऊन गेलो. आईचं फेरिटिन ६ आलं. दुर्बिणीत जठरात अल्सर निघाला, तुकडा तपासायला घेतला तो साधा निघाला, गाठ वगैरे नाही, मोठी काळजी मिटली. शौचाचं विचारलं तर म्हणाली होत होतं काळं, 'तुला काय सांगायचं त्यातलं' म्हणून गप्प बसली होती. स्पायरोमेट्रीत थोडी नळी आकसलेली आहे म्हणाले, सुरुवातीची सीओपीडी, धुरामुळंच असणार. म्हणजे दोन्ही होतं. डीएलसीओ म्हणून एक टेस्ट केली ती बरीच कमी आली, ६० टक्क्यांच्या खाली, त्यानं मी परत घाबरलोय.

बापूंच्या एबीजीत ऑक्सिजन ५३ आला, कार्बन डायऑक्साईड थोडा वाढलेला. इकोमध्ये फुफ्फुसाचं प्रेशर जास्त, उजवी बाजू थोडी मोठी. घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलंय, दिवसात पंधरा तास. बापू म्हणतात एवढा वेळ नळी लावून बसणार नाही, रात्री झोपताना लावतो. चालंल का? आणि मशीनचा काटा वाढवून लवकर ९८ करता येईल का?

श्वासमात्र

बापूंचं आधी. काटा वाढवायचा नाही, अजिबात नाही. त्यांचा कार्बन डायऑक्साईड साठतोय, अशा पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी साठतो, गुंगी येते आणि माणूस झोपेतच बेशुद्धीत जाऊ शकतो. ८८ ते ९२ हेच त्यांचं टार्गेट, मिनिटाला एक-दोन लिटर, डॉक्टरांनी जेवढं लावून दिलंय तेवढंच. पंधरा तासांचा आकडा उगाच आलेला नाही. १९८० आणि १९८१ साली अमेरिका आणि ब्रिटनमध्ये यावर दोन मोठे अभ्यास झाले. दिवसातले जास्त तास ऑक्सिजन घेतलेल्यांचं आयुष्य वाढलं, आणि नुसता रात्री घेणाऱ्यांना तेवढा फायदा झाला नाही. एबीजीत ५५ किंवा त्याखाली असेल तर मशीन लागतंच, आणि ५६ ते ५९ असलं तरी हिमॅटोक्रिट ५५ च्या वर किंवा पायावर सूज असेल तर लागतं. बघा, रक्ताचा आकडा ऑक्सिजनच्या निर्णयात असा थेट येतो. रात्रीची झोप धरली तर आठ तास तिथंच झाले, उरलेले टीव्ही बघताना, जेवताना, दुपारी पडल्यावर. लांब नळी मिळते, घरात फिरता येतं. काही महिन्यांत त्यांचा पीसीव्ही खाली येतो का ते बघा. तास कमी भरत असतील किंवा बिडी चालू असेल तर तो उतरणार नाही, आम्हाला लगेच कळतं. आणि मशीन चालू असलेल्या खोलीत बिडी, काडेपेटी, निरंजन, काहीही पेटवायचं नाही. चेहरा भाजलेले पेशंट मी बघितलेत. काही आठवड्यांनी तब्येत स्थिर असताना एबीजी परत करायची.

आता आईची डीएलसीओ. या टेस्टमध्ये अगदी थोडा कार्बन मोनॉक्साईड श्वासात देऊन तो फुफ्फुसातून रक्तात किती जातो ते मोजतात, आणि रक्तात तो पकडायचं काम हिमोग्लोबिनचंच. हिमोग्लोबिनच निम्मं असेल तर फुफ्फुसाचा पडदा चांगला असूनही आकडा पडणारच. रिपोर्टवर 'हिमोग्लोबिन करेक्टेड' असा वेगळा आकडा आहे का बघा. नसेल तर लॅबला फोन करून तिचं ७.८ सांगा, ते गणित करून देतात. करेक्शननंतर सुद्धा कमी राहिला तर सीटीचा विचार, पण माझं मत विचाराल तर हिमोग्लोबिन ११-१२ ला आलं की ही टेस्ट परत करा आणि मग ठरवा. पंप मात्र आत्ताच चालू ठेवा, तो घ्यायची पद्धत स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावून एकदा नीट शिकवून घ्या. अल्सरसाठी एच पायलोरी जंतूची तपासणी झाली का तेवढं विचारा, तो असेल तर त्याचा कोर्स पूर्ण केल्याशिवाय अल्सर परत येतो.

माणदेशी_वारा

करेक्टेड आकडा रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर होता, मी पहिलंच पान बघत होतो. ७६ आहे. एच पायलोरी पॉझिटिव्ह आहे, चौदा दिवसांचा कोर्स दिलाय, आज सुरू झाला. मशीन उद्या येतंय. पंधरा तास कसे बसवायचे याचं वेळापत्रक बापूंना विचारूनच करतोय, सकाळी बातम्यांच्या वेळेपासून सुरू करू म्हणाले.